उसातला शर्ट

कोरेगावची आम्रपाली साताऱ्याच्या एमआयडीसीत पुरुषांचे शर्ट शिवायची. बारा वर्षांत कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी उरलं नव्हतं. मग मुंबईच्या व्यापाऱ्यानं ऑर्डरी थांबवल्या. बांगलादेशातून येणाऱ्या तयार शर्टांवर आयात कर नाही, आपण त्या भावात उतरूच शकत नाही, असं मॅनेजरनं सगळ्यांना उभं करून सांगितलं. दिवाळीनंतर कारखान्याला टाळं लागलं.

बाकीच्या बायका बोटं मोडत घरी गेल्या. आम्रपालीनं बाजारातून तसलाच एक शर्ट आणला आणि ओसरीवर बसून ब्लेडनं टाका टाका उसवला. आईला, भामाबाईला, वाटलं पोरीचं डोकं फिरलं. पण शिलाईत नाव ठेवायला जागा नव्हती. तिकडंही आपल्यासारख्याच बाया मशीनवर वाकत असणार, असं मनात आलं आणि आम्रपालीचा राग ओसरला. हा शर्ट त्यांनी शिवावा, आपण दुसरं काही शिवू, असं तिनं ठरवलं.

दुसरं काय, ते शेजारच्या रंगूबाईमुळं कळलं. रंगूबाई उसात भांगलायला, तण काढायला जायची. पात्यानं हात कापतात म्हणून साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवायची. तो काखेत फाटला म्हणून शिवून घ्यायला आली. दर वेळी इथंच का फाटतो, असं आम्रपालीनं विचारलं.

"बाप्याच्या मापाचा हाय न्हवं त्यो," रंगूबाई म्हणाली. "खांद्यात ढगळ, छातीत आवळ. बाईसाठी कोण शिवतंय उसातला शर्ट?"

आम्रपालीनं तिथंच टेप काढली आणि पदरासकट माप घेतलं. काखेत सैल पडावं म्हणून जादा कापडाची कळी घातली, मनगटाला बटणपट्टी, मोबाइलला आतून खिसा. पहिल्या शर्टात मानेवर पातं लागलं, म्हणून दुसऱ्याची कॉलर उंच केली. आठवड्याभरात रंगूबाईच्या टोळीतल्या सगळ्या बायका मापं द्यायला दारात उभ्या.

आता जाड सुती कापड हवं होतं. त्यासाठी ती विट्याला यंत्रमागवाल्या बाळासोंकडं गेली. परदेशी कापडापुढं त्यांचे निम्मे माग थंडावले होते, तरी एवढ्याशा मालासाठी माग लावायला ते तयार होईनात. आम्रपालीनं वाद घातला नाही. एक शर्ट त्यांच्या बायकोला, मंगलला, देऊन आली. मंगल स्वतःच्या उसात राबायची. पुढल्या आठवड्यात बाळासोंचाच फोन आला. "ती शर्ट परत द्याया तयार न्हाई. किती मीटर पायजे तुमाला?"

कारखान्यातल्या सहाजणी आम्रपालीकडं मशीनवर बसल्या. दोन पावसाळ्यांत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांतूनही मागणी यायला लागली.

यंदा पुण्याचा एक निर्यातदार आला. इंग्लंडशी करार झालाय, तिकडचा कर जाणार, दहा हजार शर्ट एकाच मापात द्या, असं त्याचं म्हणणं. तिकडं हे घालणार कोण, असं तिनं विचारलं. सफरचंदाच्या बागेतल्या बायका, तो म्हणाला.

"मग त्यांची मापं आणा. मापाबिगर आमी कात्री लावत न्हाई. आन पयले पाचशेच."

माणूस हसला, पण गेला तो वहीत लिहून घेऊनच. तीन आठवड्यांनी अठरा बायकांची मापं फोनवर आली. खांदे इथल्यापेक्षा दोन इंच रुंद होते. आम्रपालीनं टेबलावर कापड पसरलं आणि खडूनं पहिली रेघ ओढली.