बॉनेट आपटावंच लागतं

मोटारीचं बॉनेट हळुवारपणे बंद करणारी माणसं मला आजही सहन होत नाहीत. डब्याचं झाकण लावावं तसे दोन्ही तळवे ठेवून दाबत बसतात. त्यानं पत्रा चेपतो आणि खटका काही बसत नाही. मी असं कुणाला करताना पाहिलं की ओळख असो नसो, पुढं होऊन हात बाजूला करायला लावते. बाई फार खवट आहे असं त्यांना वाटत असणार. वाटू दे.

मला हे शिकवलं बारामतीच्या मास्तरांनी. एसटीतून निवृत्त होऊन ते गाडी शिकवायचे. पहिले तीन दिवस त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. नुसतं बॉनेट उघडायचं आणि लावायचं. गाडीत स्टिअरिंगखालची मूठ ओढली की बॉनेट बोटभर वर येतं, पण सुटत नाही. आत आणखी एक आकडा असतो. फटीत बोटं घालून तो सरकवायचा, बॉनेट वर उचलायचं आणि टेकू द्यायची दांडी तिच्या भोकात नीट बसली की नाही ते बघूनच डोकं आत घालायचं. लावताना दांडी जागेवर ठेवायची, बॉनेट खाली आणायचं आणि एक वीत उरली की सोडून द्यायचं. खाड असा आवाज यायलाच हवा. मग बोटांनी उचलून बघायचं, उचललं जाता कामा नये. "हे बघितल्याशिवाय गाडीत बसायचं नाही," असं ते दर वेळी बजावायचे. मला कंटाळा यायचा.

गाडी शिकायला कारणही तसंच होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची बदली नाशिकला झाली आणि त्यानं घेतलेली जुनी पांढरी मोटार सणसरला घरापुढं नुसती उभी राहिली. माझी नोकरी वालचंदनगरच्या एका शाळेत. एसटी तिच्या मनात येईल तेव्हा यायची आणि मी रोज उशिरा पोचून हेडबाईंचं ऐकून घ्यायची. मी गाडी शिकते म्हटल्यावर चुलत सासरे, म्हणजे तात्या, तंबाखू मळता मळता थांबले. सासऱ्यांना, आबांना, मात्र त्यात वावगं वाटलं नाही. "उभं राहून गंजण्यापरीस चालू दे की," ते म्हणाले. तात्यांनी एक अट घातली, "कायबी झालं तर त्याच दिशी किल्ली काढून घ्यायची." आबा म्हणाले, "व्हय." ते चारचौघांत व्हय म्हणाले की विषय संपायचा.

सात महिने मी रोज शाळेत गाडीनं गेले. एकदाही उशीर झाला नाही. त्या सात महिन्यांत मी जितकी खूश होते तितकी लग्नातही नव्हते.

मग दसरा आला. दसऱ्याला अवजारांची पूजा होते, तशी गाडीचीही. मी सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार आणून ठेवला आणि नैवेद्याचं बघायला आत गेले. आबांचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं. आता शेती असली तरी जित्राबाच्या कपाळाला कुंकू लावायचं, हे त्यांच्या अंगातच होतं. पण गाडीचं कपाळ कुठलं? त्यांनी विचार केला की काम करतंय ते इंजिन, मग टिळा पत्र्याला कशाला? तात्यांनी मूठ ओढून दिली, आबांनी बॉनेट उघडलं, इंजिनाला हळद-कुंकू वाहिलं, हार पुढच्या जाळीतून ओवून त्याची दोरी आत खटक्यापाशीच बांधली आणि बॉनेट लावलं. आपटलं नाही. पूजा झालेल्या वस्तूला कोण आपटेल? तळहातानं, मेंढराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवून दाबलं.

मी बाहेर आले तेव्हा आबा, सासूबाई आणि तात्या गाडीत बसलेले होते. लोणी भापकरला नणंदेकडं सोनं द्यायला जायचं होतं. हार छान दिसत होता. फटीत बोटं घालून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.

बारामतीच्या अलीकडं सरळ रस्त्यावर समोरून मोठा ट्रक गेला. त्याच्या वाऱ्यासरशी बॉनेट उठलं आणि धाडकन काचेवर येऊन पडलं. समोर फक्त पांढरा पत्रा. सासूबाई ओरडल्या, तात्यांनी माझा दंड धरला. मी दंड सोडवून घेतला. ब्रेक एकदम दाबला नाही, स्टिअरिंग सरळ धरलं, पाय हळूहळू दाबत मान खिडकीतून बाहेर काढली आणि रस्त्याची कड बघत गाडी डावीकडं उभी केली. काचेला एका कोपऱ्यात तडा गेला होता, बिजागरी वाकली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. एका ट्रॅक्टरवाल्यानं कासरा दिला, त्यानं बॉनेट बांधून आम्ही परत फिरलो.

तात्यांनी घरापुढं उतरताच सुरुवात केली, "बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की हेच व्हायचं." आठ-दहा माणसं जमली होती. मी आबांकडं बघितलं. बॉनेट कुणी लावलं हे त्यांना ठाऊक होतं, तात्यांनाही ठाऊक होतं.  आबांनी नुसता हात पुढं केला आणि मी किल्ली दिली. माझा इतका संताप झाला की त्या संध्याकाळी मी कुणाला सोनं दिलं नाही.

पुन्हा एसटी सुरू झाली आणि पुन्हा हेडबाई. दोन आठवडे मी आबांशी कामापुरतंच बोलले. चहा ठेवायचा आणि निघायचं.

मग बारामतीचा मिस्त्री गाडी दुरुस्त करून घेऊन आला. खटक्यात अडकलेली हाराची दोरी त्यानं कागदात बांधून आणली होती, ती आबांच्या हातावर ठेवली. "ही मधी आल्ती म्हणून आकडा बसलाच न्हाय," तो म्हणाला. आबांनी दोरी बघितली आणि मला हाक मारली.

"पोरी, ह्ये कसं लावत्यात दाव मला."

मी दाखवलं. त्यांनी उघडलं, एका वितीवरून सोडलं. पहिल्यांदा घाबरून हात मधेच धरला, मी रागावून म्हणाले, "हात काढा, बोटं जातील." त्यांनी पुन्हा सोडलं. खाड आवाज झाला. पुन्हा. आवाज ऐकून तात्या आले, शेजारची माणसं आली.

"काय चाललंय?" तात्यांनी विचारलं.

"शिकतोय," आबा म्हणाले. "त्या दिशी मीच नीट लावलं न्हवतं. पोरीनं गाडी धरली म्हणून आपुन हाय." आणि सगळ्यांदेखत किल्ली माझ्या हातात दिली.

तेव्हाच सांगायला हवं होतं की बसण्याआधी तपासायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नाही. शब्द तोंडाशी आले होते. पण किल्ली हातात होती आणि दुसऱ्या दिवशी शाळा होती. मी किल्ली मुठीत घेऊन आत गेले. आबा पुढं बरीच वर्षं होते. गाडीचा विषय निघाला की पाहुण्यांना सांगायचे, "चूक माझी हुती." मी चहा आणून ठेवायची.