अंबाडीची चिकटवलेली पिशवी

मेणबत्तीवर पिशवी चिकटवणं मला झकास जमायचं, आणि त्याचा मला भारी तोरा होता. अमडापुरात आमचं किराणा दुकान. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या तेव्हा चिखलीच्या बाजारात नुकत्याच मिळू लागल्या होत्या. त्यात फुटाणे, शेंगदाणे भरायचे, लोखंड कापायच्या करवतीच्या पात्यावर पिशवीचं तोंड दुमडायचं आणि ज्योतीवरून एका दमात सरकवायचं. हात रेंगाळला की भोक, घाई केली की तोंड उघडं. नवऱ्याच्या हातून निम्म्या पिशव्या जळायच्या आणि वर तेच म्हणायचे, मेणबत्ती खराब आहे. मेणबत्ती म्हणे खराब!

माझी नणंद जबलपूरला, तिच्या नवऱ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत. पहिलटकरीण. पोटात पाण्याचा घोट टिकत नव्हता. आमच्या शेजारचा एक जण रेल्वेत होता, त्याच्याजवळ तिनं निरोप धाडला, "मायच्या वावरातली अंबाडी भेटली तर खाईन." तिकडे अंबाडी कुणाला ठाऊक नव्हती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो निरोप ऐकला आणि त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. पोटुशी बाईनं तोंडानं मागितलेलं द्यायचं, एवढं साधं. पण जबलपूर काय शेजारी आहे?

मीच म्हटलं, "आत्याबाई, मी पिशवीत बंद करून देते. वारा लागणार नाही, की सुकणार नाही."

आत्याबाईंनी कोवळी कोवळी पानं खुडली. भाजी गावाला जाताना जशी न्यायची तशीच त्यांनी ती नेमानं पाण्यात बुडवून काढली. आमच्याकडे भाजीची पाटी बाजारात निघाली की वर ओलं पोतं हवंच, त्याशिवाय भाजी घराबाहेर पडायची नाही. मी ती निथळती अंबाडी पिशवीत कोंबली आणि असं तोंड चिकटवलं की मुंगी शिरायची नाही. शेजारी घेऊन गेला. आम्ही दोघी खूश.

तो परत आला तो नाक मुरडतच. "काकू, काय दिलं होतं वो? नुसता काळा लगदा पोचवला मी! डब्यातले लोक मले उतरवाले निघाले होते."

आत्याबाई माझ्यावर घसरल्या. "तुह्या हातानं नीट चिकटली नसन. वारा गेला आत."

माझं डोकंच फिरलं. "वारा? पाणी भरून दाखवू का? थेंब गळला तर नाव बदलीन!"

दोघींनी त्याच रागात पुन्हा पिशव्या भरल्या. एक ओल्या अंबाडीची, एक कोरड्या. माजघरात ठेवल्या. सकाळी पाहतो तर ओलीतून पाणी सुटलेलं आणि कोरडीलाही आतून घाम. आत्याबाईंनी कोरडी पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि एकदम कळवळल्या. "अवं माय, जीव गुदमरून राह्यला वं तिचा!" गोधडीची सुई समोर होती. ती घेऊन त्यांनी पिशवीला भोसकायला सुरुवात केली. मी ओरडले, "अहो, काऊन फाडता? माझी चिकटवलेली पिशवी!" पण त्या काही थांबल्या नाहीत.

तीच पिशवी टिकली. अंबाडी जराशी मलूल झाली, पण हिरवीगार राहिली. मग काय, कोरडी अंबाडी, सुईची भोकं, वर माझं तोंड-चिकटवणं, असा आमचा कारखाना सुरू झाला. या वेळी मामाजी, म्हणजे सासरे, स्वतः निघाले. मलकापूरहून गाडी धरायची होती. निघताना आत्याबाईंनी बजावलं, "पिशवीवर बसू नका, तुमचा काई भरवसा नाई."

मामाजी परत आले त्या दिवशी आत्याबाई दारातच उभ्या होत्या. पाय धुवायला पाणीही दिलं नाही. "खाल्ली का तिनं?"

"खाल्ली. ज्वारीच्या कण्यांसंग ताटभर खाल्ली."

"पोटात राह्यली?"

"हाव, राह्यली."

आत्याबाई अशा हसल्या की मलाही हसू फुटलं. मी मनात म्हटलं, चला, आपल्या मेणबत्तीचं सार्थक झालं. मामाजी मात्र टोपी काढून पायरीवर बसले. म्हणाले, "एक गोष्ट हाये. पोट्टीनं सांगू नका म्हनलं, पन जावयांनी मले सांगतली. ते पयली पिशवी फेकाले निघाले होते. तिनं हात धरला त्यांचा. म्हने, माह्या मायनं पाठोली. लगद्यातून एकेक धड पान निवडलं, धुतलं अन् शिजवून खाल्लं."

आत्याबाईंचं हसणं तोंडातच राहिलं. भिंतीला टेकून त्या खाली बसल्या. "सडक्यातलं खाल्लं वं माह्या लेकीनं." मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

मग आत्याबाईंनी विचारलं, "ते तरी टिकलं का पोटात?"

मामाजी म्हणाले, "तेच पयलं टिकलं."