डिंक्याचं लग्न

बाटल्या धुणाऱ्या माणसासमोर कोणी आवाज कमी करत नाही. त्यामुळे किस्से त्याच्याकडेच जास्त साचतात. मी अकोल्याच्या एका शेतकी प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या धुतल्या आणि गाजराचा अर्क शिजवून जंतू वाढवायच्या काचेच्या बशा भरल्या. शिक्षण सातवी. पण माझी एकही बशी कधी नासली नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

*

आमचं काम संत्र्याच्या डिंक्या रोगाचं. बुडातून डिंक गळतो आणि झाड वाळतं. एकदा एक शेतकरी साल घेऊन आला. प्रयोगशाळेचे सर म्हणाले, हा रोग लावणारा जीव बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नाही. शेतकरी माझ्याकडे वळला, "मंग हाय तरी कोन?"

मी म्हटलं, "वरातीत घुसून जेवून जाते, अन् पोरीकडचाही नसते, पोराकडचाही नसते. तसा."

त्याला लगेच समजलं. एमएस्सीच्या पोरांना महिना लागतो.

*

पल्लवी अंजनगाव सुर्जीकडची. बापाच्या बागेत डिंक्या, म्हणून पीएचडीही डिंक्यावर. तिचं काम त्याचं लग्न लावायचं. बशीच्या एका टोकाला एक जात, दुसऱ्या टोकाला दुसरी. दोघं मधे भेटले, की जाड कवचाचं गोल बी धरतं आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं.

मी विचारलं, यातला नवरदेव कोणता?

"काका, दोघंही दोन्ही होऊ शकतात."

"मंग मानपान कोनाचा?"

सर हसले. म्हणाले, "काकाजी, लग्न कशानं जमतं ते कळलं, तरच मोडता येईल."

*

पण लग्न काही जमेना. दोघं जवळ येत आणि नुसते बसून राहत. सरांनी उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर विषय बदल. बापानंही तोच उन्हाळा धरला होता. नाही जमलं तर घरी ये, स्थळ पाहून ठेवलं आहे. पोरगी डबा उभ्यानं खाऊ लागली.

चमत्कारिक गोष्ट म्हणजे, थंडीत भरलेल्या बशांत बी धरलं होतं. थंडी सरली आणि बंद झालं. तिनं उजेड तपासला, पाणी तपासलं. मशीनमधली थंडी-गरमी तर बारा महिने सारखीच. मग मला विचारलं, काका, शिजवण्यात काही बदल झाला का?

मी म्हटलं, "माह्या हातानं तीस वर्षांत बदल झाला नाही."

*

दुसऱ्या दिवशी गाजर किसताना हाताकडे लक्ष गेलं. सोड्याच्या पाण्यानं थंडीत माझे हात फुटतात. बायको जवसाच्या तेलाची शिशी देते. ते चोळून मी कामाला लागतो. फक्त थंडीत.

हे सांगायचं म्हणजे माझ्या बशा तेलकट होत्या, हे कबूल करायचं. दोन दिवस गप्प राहिलो. पोरीचं तोंड पाहवेना. तिसऱ्या दिवशी सरांच्या टेबलासमोर उभा राहिलो.

"सर, बशीत घाण होती. माह्याच हातची."

"कसली?"

"जवसाच्या तेलाची."

सर खुर्चीवरून उठले. मला वाटलं, मेमो.

"काकाजी, ती शिशी उद्या घेऊन या."

पल्लवीला त्यांनी माझ्यासमोरच समजावलं. हा जीव तेलातली आम्लं घेत असेल आणि त्यांचे निरोप करून समोरच्याला पाठवत असेल. निरोपच नाही, तर सोयरीक कुठून? आता अर्ध्या बशांत तेल मोजून घाल, अर्ध्या कोऱ्या ठेव.

*

दहाव्या दिवशी तेलाच्या बशा बियांनी भरलेल्या. कोऱ्या बशांत काही नाही. पल्लवीच्या हातात रबरी मोजे, म्हणून बापाला फोन मी लावला आणि स्पीकर सुरू करून तिच्यासमोर धरला.

"बाबा, जमलं!"

"कोनाचं?"

"दोघायचं. नुसतं तेल लावलं, अन् दहाव्या दिवशी जुळलं."



"हळदीले तरी बोलवायचं होतं ना, पोरी."