पर्समधली चपटी डबी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यापासून नवऱ्यापर्यंत मी कुणालाही सोडलेलं नाही. त्यामुळे सासूबाईंना सांभाळायला नर्सिंग ब्युरोकडून सिस्टर आल्या, त्या दिवसापासून माझा एक डोळा त्यांच्यावर होताच.

पन्नाशीच्या, सडसडीत, मोजकं बोलणाऱ्या. सासूबाईंची फुप्फुसं निकामी होत आली होती. दम लागला की त्यांचा जीव घाबरायचा, आणि जीव घाबरला की दम आणखी लागायचा. त्यासाठी डॉक्टरांनी मन शांत करणारी एक बारीकशी गोळी दिली होती, दिवसाला दोनच. सिस्टर गोळी देऊन पाठीवरून हात फिरवत आणि स्वतः मोठ्याने श्वास सोडत बसायच्या. हळूहळू सासूबाईंचा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर चालू लागायचा. मला हे कधी जमलं नाही, आणि त्याचाही मला राग होता. सासरे दिवसातून एकदा सासूबाईंजवळ बसून जायचे.

एक गोष्ट मात्र खटकायची. गोळ्यांचं नवीन पाकीट आलं की सिस्टर ते कात्रीने कापून एकेक गोळी सुटी करायच्या आणि बरणीत भरायच्या. गोळी दिल्यावर तिचं रिकामं वेष्टन जायचं त्यांच्या पर्समधल्या चपट्या डबीत. कचऱ्याचा डबा अगदी पायाशी असताना!

मग गोळ्या कमी पडू लागल्या. एका शुक्रवारी सासूबाईंचे ओठ निळे पडले, त्यांनी माझं मनगट आवळून धरलं, आणि बरणी रिकामी. नवरा दुकानातून गोळ्या घेऊन येईपर्यंतची वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही.

पाणी कुठे मुरतंय, याची मला खात्रीच होती. नव्या गोळ्यांच्या वेष्टनामागे मी पेनाने बारीक टिंबं केली. तीन दिवसांत सहाऐवजी नऊ टिंबं गेली. मी ब्युरोला फोन करून सांगितलं, सिस्टर गोळ्या चोरतात, दुसरी पाठवा.

दुसऱ्या दिवशी सिस्टर नेहमीच्या वेळेला हजर. सासूबाईंना अंघोळ घालून, वेणी घालून त्या स्वयंपाकघरात आल्या.

"वहिनी, टिंबं तुम्ही केलीत ना?"

"केली. मग?"

त्यांनी डबी ओट्यावर उपडी केली. प्रत्येक वेष्टनावर तारीख आणि वेळ होती. "मी दिल्या त्या एवढ्याच, दिवसाला दोन. मागे एका घरात माझ्यावर आळ आला, तेव्हापासून जपून ठेवते." मग म्हणाल्या, "खरं सांगू? मला वाटलं, तुम्हीच घेता."

"मी?" माझं डोकंच फिरलं.

"रोज हातातून भांडी पडतात तुमच्या. म्हटलं, झेपत नसेल."

तेवढ्यात शेजारच्या खोलीत बरणीचं झाकण वाजलं. आम्ही दोघी धावलो. सासरे उभे होते. आम्हाला बघून त्यांनी मूठ मिटली.

"तिच्याजवळ बसायला जायचं असतं," ते म्हणाले. "हात कापतात माझे. तिने पाहिलं तर आणखी घाबरेल. शुक्रवारची शेवटची मीच घेतली गं. तेव्हापासून तर हात थांबतच नाहीत."

सिस्टरांनी त्यांची मूठ हळूच उघडली. "बाबा, तुमची ब्लडप्रेशरची औषधं चालू आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही घ्यायची नाही. उद्या ते आले की हात दाखवा. आणि आज कापतायत तसेच आईंच्या हातात द्या. मी बसते सोबत."

मी ब्युरोला फोन लावला. चूक माझी होती, तक्रार मागे घेते म्हणाले. विनवलं, भांडलेसुद्धा. तिकडची बाई थंडपणे म्हणाली, "चोरीची तक्रार आली की आम्ही नाव काढून टाकतो. त्यांना सकाळीच कळवलंय, जाऊ नका म्हणून."

बाहेर आले तर सिस्टर चपला घालत होत्या. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सकाळीच माहीत होतं तुम्हाला? तरी आलात?"

"आज केस धुवायचा वार होता आईंचा," त्या म्हणाल्या आणि डबी माझ्या हातात ठेवली. "नवीन सिस्टर संध्याकाळी येईल, तिला द्या. म्हणावं, या घरात लागते."