मातीचं वाक्य

ज्या वाक्यावर मी आयुष्यभर टाळ्या घेतल्या, ते माझं नाही. आता वय झालं, सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकात कोल्हापुरात मी आणि माझा एक मित्र भौतिकशास्त्रात संशोधन करत होतो. मी शहरातला, तो इचलकरंजीजवळच्या एका जैन शेतकऱ्याचा मुलगा. विषय एकच: प्रचंड वेगानं जाणाऱ्या कणांचं गणित हॅमिल्टोनियनच्या वाटेनं करायचं. म्हणजे 'आत्ता' जगाची स्थिती काय आहे ते धरायचं आणि ऊर्जेच्या सूत्रानं ती पुढं न्यायची. पण सापेक्षतेत ज्याचं त्याचं 'आत्ता' निराळं. त्यावर तोडगा असा, की प्रकाशकिरणाबरोबर धावणारं 'आत्ता' निवडायचं. मग निर्वात पोकळी खरोखरच रिकामी राहते आणि बरंच गणित आपोआप गळतं. फक्त शून्य संवेगाचा, जागचा न हलणारा भाग तेवढा छळतो. तो मी गुपचूप वगळला होता.

विभागाच्या चर्चासत्रात मी हे मांडलं. गाइड खूश झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून माझ्या मित्रानं विचारलं, "तो शून्याचा भाग कुठं गेला?"

मी प्रश्न टोलवला. म्हणालो, "जो जागचा हलतच न्हाय, त्याला आखाड्यात कशाला उतरवायचं?"

सगळे हसले. गाइडही हसले. तो खाली बसला.

संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर आम्ही म्हशीचं धारोष्ण दूध पीत होतो. मिशीवरचा फेस पुसत तो म्हणाला, "मर्दा, जागची न हलणारी ती आखाड्यातली माती असती की. ती काढल्यावर कुस्ती कशावर धरणार?"

मी ग्लास तोंडाला लावला तो काढलाच नाही.

पुढं त्याचंच खरं ठरलं. पोकळीतल्या कितीतरी गोष्टी त्या वगळलेल्या भागात दडून बसलेल्या निघाल्या. तोवर तो वारणानगरला शिकवायला गेला होता, आणि मातीचं वाक्य मी प्रत्येक व्याख्यानात माझं म्हणून वापरत होतो.

ऐंशी सालानंतर कधीतरी मला वारणानगरलाच व्याख्यानाला बोलावलं. पहिल्या रांगेत तो. वाक्य गाळायचं ठरवलं होतं, पण जिभेला सवय झालेली. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ मिळाला. आभार मानायला तोच उठला.

"पाहुण्यांचं मातीचं वाक्य फार आवडलं," चेहरा अगदी सरळ ठेवून तो म्हणाला. "असं सुचायला म्हशीचं दूध प्यावं लागतं."

पोरं हसली. का ते त्यांना ठाऊक नव्हतं.

चहाच्या वेळी मी हळूच विचारलं, "रागावलास काय रं?"

"न्हाय की," तो म्हणाला. "नारळ तेवढा हिकडं दे."

दिला. त्यानं तो पिशवीत टाकला आणि घरी नेला. शाल मात्र मागितली नाही. ती अजून माझ्या कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.