दोन इंच गेले कुठे

आमच्या नातसुनेला सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेत शिकवत नाही ती, कपडे शिवते. कोपऱ्यावर एक मशीन कसंबसं मावेल एवढं दुकान. गळ्यात टेप, कानामागे खडू आणि बोलणं मोजकं. लग्न ठरलं तेव्हा "नवऱ्यामुलाचा कोट मीच शिवणार" म्हणून अडून बसली होती.

त्या लग्नाला परवा वर्ष झालं. लोक वर्ष म्हणतात म्हणून म्हणायचं. मला कधी वाटतं कालच आली, कधी वाटतं ही इथेच जन्मली. संध्याकाळी तिच्या माहेरचे जेवायला येणार होते. नातू म्हणाला, "लग्नातलाच सूट घालतो." घातला, तर कोट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबायला लागला. आणि पँटचा हूक म्हणाल तर लागेना!

माझी सून, म्हणजे त्याची आई, बघतच राहिली. "वर्षात पोराचं पार चिपाड केलंस गं!"

"आई, पँट बघा ना, घट्ट होतेय," मास्तर म्हणाली.

"ते पोट झालं. माणूस छातीत दिसतो."

"मी चढलो की लिफ्ट कुरकुरते हल्ली," नातू म्हणाला. लिफ्ट दुरुस्त करतो तो. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मास्तरने दुकानातली मापाची वही आणली. छाती अडतीस. टेप लावला, छत्तीस. परत लावला, छत्तीसच. तिचा चेहरा उतरला. माप चुकलं असेल तर ती मास्तर कसली, आणि माप बरोबर असेल तर बायको कसली! कुठूनही तिच्याच अंगावर येत होतं.

"माझ्या आईसमोरही हेच बोलणार ना तुम्ही?" ती सासूला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आजी, तुम्ही सांगा. वाळलाय का हा?"

आता मी काय सांगू? मला तो कधी पाळण्यातला दिसतो, कधी त्याच्या आजोबांसारखा. मधला कसा आहे ते ध्यानातच राहत नाही. "थोडा वाळलाय, थोडा सुटलाय," म्हटलं. कुणाचंच समाधान झालं नाही.

शेवटी सुनेने भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवला. त्यात कोट कसा अंगाबरोबर बसलेला! मी चष्मा पुसून पाहिलं. कोटाच्या गळ्याशी हिरवी किनार होती, आणि किनारीत एक सुटलेला टाका. तो टाका मी कुठेही ओळखला असता.

"अगं, हा माझ्या हातचा स्वेटर!"

मास्तरच्या कानामागचा खडूच पडला. "अरे, माप घेतानाही होता की हा! मी काढायला सांगितलं, तर म्हणालास सर्दी झालीय."

"सर्दी कसली? शर्टाला दोन बटणं नव्हती. शिवणाऱ्या बाईसमोर दाखवू?"

"म्हणून लग्नातही घातलास?"

"कोट त्यावरच बसत होता. म्हटलं, आता कशाला बोलायचं?"

"आणि तो स्वेटर आहे कुठे?" सुनेने विचारलं. मी हळूच पाय खुर्चीखाली घेतले. कोपरं विरली म्हणून मीच उसवला होता. मोजे बरे झालेत, ऊबदार.

"आई, तुम्ही पण ना!" सून म्हणाली. मग मास्तरकडे न बघता पुटपुटली, "तरी मी म्हणत होते, याची हाडंच बारीक."

"काढ कोट. तासात शिवण आत घेते," मास्तर म्हणाली. गेल्या वर्षी हिने हातभर लांब उभी राहून, नुसत्या चिमटीत टेप धरून माप घेतलं असेल. परवा त्याला शर्टाला धरून जवळ ओढलं. "श्वास सोड. सोड म्हटलं ना!" वहीत अडतीसच्या खाली छत्तीस लिहिलं.

"जुनं माप खोडून टाक की गं," मी म्हटलं.

"असू द्या, आजी. तेव्हा तेवढा होता."

म्हणजे वर्षात तो कमी झाला की जास्त, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही. पँटला मात्र सेफ्टी पिन लावली.