मेणाची ताडपत्री

धानोऱ्याच्या बाजारातल्या ताडपत्रीवाल्याने मला फसवले. मी त्याला नाही. त्याने गावभर उलटे सांगितले, म्हणून हे आधी लिहितो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तोवर मी दुसऱ्यांच्या मोहफुलांची पोती वाहत होतो. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा स्वतःचा माल घेतला आणि अंगणात रचला. अवकाळी पावसाची भीती होती, म्हणून मेण चढवलेली कापडी ताडपत्री पाहायला गेलो. आमच्याकडे ताडपत्रीचे चारही कोपरे ताणून वर लोटाभर पाणी ओततात आणि मगच भावाचे बोलतात. पाणी ओतले. थेंब गोल होऊन घरंगळले, कापड कोरडेच. मी घासाघीस करून भाव पाडला. पण ताडपत्रीला रॉकेलसारखा वास येत होता आणि मोहफूल कुठलाही वास चटकन धरते.

"हा वास मालाले लागंन ना," मी म्हणालो.

"साबनानं धुवून घ्या भाऊ, जाते."

"मंग पानी नाई झिरपनार?"

"आत्ता डोयासमोर टाकलं ना पानी? का मोतीबिंदू हाय तुमाले?"

घरी नेऊन दोनदा साबणाने धुतली. वास गेला. आठवड्यात पाऊस आला, तेव्हा पाणी कापडात पसरले आणि आत उतरले. फुले भिजून आंबली. सगळा ढीग गेला.

मी ताडपत्री त्याच्या गादीवर आपटली. तो लोकांकडे पाहून हसला. "मेनाची ताडपत्री साबनानं कोनी धुते का? भाव पाडाची अक्कल हाय, एवढी नाई?"

मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवले.

नंतर परसातल्या धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावर मी स्वतः करून पाहिले. त्या पानावर मेणाचा थर असतो आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. मधे हवा अडकते, थेंब नुसत्या टोकांवर उभा राहतो आणि पान कलले की घरंगळतो. तेच पान साबणाने चोळले. पाणी चपटे पसरले. मेण निघते, आणि उरलेला साबण पाण्याला गोल राहू देत नाही. ताडपत्रीचेही तेच झाले.

मेण धुतल्याने जाते, हे त्याला माहीत होते. तो स्वतःच बोलला. मग मला धुवायला काऊन सांगितले? दुकान अजून चालते, तोही तिथेच बसतो. त्याच बाजारात, तेवढ्याच लोकांसमोर, त्याने याचे उत्तर द्यावे.